गुरूचं नाव

"अनसूया वैशंपायन," मुलीनं गुरूचं नाव सांगितलं. हात तंबोऱ्यावरच राहिला.

"गुरूचं नाव घेताना कानाला हात लावायचा असतो, एवढंही शिकवलं नाही?" बुवा कडाडले. गाण्याच्या शिष्यवृत्तीच्या निवड समितीचे ते अध्यक्ष. स्वतःच्या गुरूंचं नाव ते दर दोन वाक्यांनी घेत, आणि कानाची पाळी अशी धरत की समोरच्याला ती दिसलीच पाहिजे.

"माझी आई आहे ती. आईचं नाव घेताना लक्षात राहत नाही."

"घरगुती गाण्याला शिष्यवृत्ती नसते, बाळ. मागे परंपरा लागते. आई कुणाकडे शिकली?"

मुलीनं तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

"तुमच्याकडे. म्हणजे तुमच्या घरचा स्वयंपाक उरकून जेवढं कानावर पडलं तेवढं. अजूनही तुमचं नाव निघालं की ती हातातलं काम सोडून कानाला हात लावते. मी मुद्दाम तिचं माहेरचं नाव सांगितलं, तरी तुम्हाला काही आठवलं नाही."

सवयीनं कानापाशी गेलेला बुवांचा हात तिथेच घुटमळला.

"ती बाहेर बसली आहे," मुलगी उठत म्हणाली. "बुवांनी तुझी चौकशी केली, असं सांगते तिला."