पाच रात्रींचा दगड

खर्र, खर्र. न्हाणीघरातून आवाज आला.

चार वर्षांची लेक जागी असून घर इतका वेळ गप्प होतं, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण ती अहवाल लिहीत होती. चौदा हजार फुटांवरचं पठार. त्यावर पाच ज्वालामुखी, काळा लाव्हा, आणि लाव्हावर फेसाळ दगडांचा पांढरा थर. तो थर किती जुना, यावर सगळं ठरणार होतं: डोंगर विझलाय, की नुसता डोळा लागलाय. थराचा धड नमुना एकच मिळाला होता. तो तिने कपाटावर ठेवला होता.

तिने मान वळवली. कपाटाला खुर्ची लावलेली होती. वर काही नव्हतं.

न्हाणीघरात सासूबाई स्टुलावर बसून टाच घासत होत्या. लेक मगाने पाणी घालत होती.

"अहो आई, तो दगड..."

"इतकी छान वजरी आणलीस आणि बोलली नाहीस. पोरीने दिली म्हणून कळलं. लोण्यासारखी फिरते."

"आणि तरंगते पण," लेक म्हणाली.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दगड ऐंशी ग्रॅम भरला. परवा दोनशे दहा होता. बाकीचा ज्वालामुखी मोरीत गेला होता.

हात ओले होते, म्हणून तिने स्पीकर लावून प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन केला. जे झालं ते सांगून टाकलं.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "टाच?"

"हो सर."

"दोन्ही?"

"एकच झाली होती."

"एवढ्याशा दगडातून वय निघणार नाही. पुन्हा जावं लागेल, आणि तुम्हालाच. जागा तुम्हालाच ठाऊक आहे. पाच रात्री तंबूत. फोन लागत नाही, बोलायला माणूस नाही. जमेल?"

मागच्या वेळी 'पोर टाकून कोणी डोंगर चढतं का' म्हणत सासूबाईंनी पंधरा दिवस अबोला धरला होता. आता त्या एक पाय ओला, एक कोरडा अशा दारात उभ्या होत्या.

"जा तू," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "माझ्यामुळेच झालं. पोरीचं मी बघते. ब्र काढणार नाही."

"जमवते सर," ती कशीबशी म्हणाली. लेकीला उचलून तिने तिच्या मानेत तोंड खुपसलं. खांदे हलू लागले.

सासूबाईंचा जीव कळवळला. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "रडू नकोस गं. पाचच तर रात्री."

लेकीने दोन्ही हातांनी तिचं तोंड वर केलं आणि नीट निरखून पाहिलं.

"आई, तू हसतेस कशाला?"