नेव्हिगेशनचा पेपर

"साठ मैल गेलीस. ठरल्या वाटेपासनं चार मैल डावीकडं सरकलीस. चूक किती अंशाची?"

"चार."

"अजून साठ मैल राहिल्यात. मुक्कामाला पोचायला उजवीकडं किती वळशील?"

त्रिशलानं पुस्तकातनं मान वर न काढता सांगितलं, "चार."

"चार वळलीस तर नुसती वाटेला समांतर जाशील. गाव बाजूलाच राहील." चंदना माडीच्या दारात उभी होती. कोपरापर्यंत ओली मेंदी, म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. "आठ. चार चुकलेले आणि चार गाठायचे. किती येळा सांगितलं तुला?"

खाली मांडवात बायकांची गाणी चालली होती. सदलग्याच्या त्या घरात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या सकाळी नऊच्या मुहूर्तावर चंदना दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, होणार होती. आणि उद्या सकाळीच बंगळूरला त्रिशलाचा वैमानिक परवान्याचा पेपर होता. बाकीचे विषय सुटले होते. नेव्हिगेशन दोनदा राहिला होता.

चंदनानं चिकोडीच्या हायस्कुलात नऊ वर्षं गणित शिकवलं. धाकटी बहीण पहिल्यांदा नापास झाली तेव्हा तिचीच पुस्तकं उघडून ती आधी स्वतः शिकली आणि मग तिला शिकवायला बसली. ती कधी विमानात बसली नव्हती. आता बसणारही नव्हती. आर्यिकांना वाहन चालत नाही, जायचं तिथं अनवाणी चालत जायचं. सकाळपासून तीन बायकांनी तेच बोलून दाखवलं होतं, एक पोरगी चालणार, एक उडणार. तिसरीला त्रिशला फाडकन बोलली होती आणि वर येऊन बसली होती.

"आप्पा सांगत हुते, तू जात न्हाईस म्हणून."

"न्हाय जात."

"गोमटेश गाडी काढून थांबलाय. निपाणीस्नं पाचची बस हाय तुझी."

"पेपर पुन्हा येतोय. बहीण पुन्हा येत न्हाय."

"हे आप्पांचं बोलणं झालं."

"मग खोटं हाय व्हय?"

चंदना तिच्यासमोर जाजमावर बसली. तळवे वर करून हात गुडघ्यांवर ठेवले. "तीन महिन्यांनी बसशील. तवर ह्यातलं निम्मं इसरशील. आणि तवा विचारायला मी न्हाय."

"मग जाऊ नको की तू!" त्रिशला ओरडली. "कुणी सांगितलंय तुला? आप्पांनी न्हाय, आईनं न्हाय. आई तर आठ दिवस नीट जेवली न्हाय. उद्यापासनं ह्या घरात पाऊल टाकणार न्हाईस. कशासाठी? काय कमी हुतं तुला?"

चंदना थोडी पुढं सरकली. मग म्हणाली, "तू कशासाठी उडतीस? सांगता येतंय तुला?"

पाहुण्यारावळ्यांना द्यायची उत्तरं त्रिशलाजवळ होती. आक्काला त्यातलं एकही देता येईना.

"मलाबी न्हाय येत," चंदना म्हणाली. "पर जायचं हाय, एवढं ठावं हाय. तू ऱ्हायलीस तर उद्या मांडवात बसशील. माझे केस उपटताना बघून रडशील, आणि रडता रडता घड्याळ बघशील. ना हितली, ना तिथली. मला तसलं नको. मी पाटावर बसलेली असताना तू तिकडं पेपर सोडवत बसलीयास, एवढं मनात असलं की माझं मन शांत ऱ्हाईल."

त्रिशला उठली. पिशवी ओढून भरायला लागली. चंदनाला हात लावता येत नव्हता, ती नुसती बसल्या जागेवरून विचारत राहिली.

"हॉल तिकीट?"

"घेतलं."

"आधार कार्ड?"

"हाय."

"वाऱ्याचं गणित करायची चकती?"

"घेतली म्हटलं न्हवं!"

पिशवी खांद्याला लावून ती दाराशी गेली, वळली, खाली वाकली आणि हात जोडून म्हणाली, "वंदामि." आर्यिकांना असाच नमस्कार करायचा, जुन्या नावानं हाक मारायची नाही, हे आईनं आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला बजावलं होतं.

"ते उद्यापासनं," चंदना म्हणाली. "आज आक्का म्हण."

त्रिशलाला ते म्हणता येईना. ती तशीच जिना उतरली.

मांडवातनं वाट काढत ती बाहेर आली. आईनं तिच्याकडं बघितलं आणि पिशवीत डबा सरकवला. आप्पा दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. गोमटेश, तिचा चुलतभाऊ, गाडी चालू करून बसला होता. त्रिशला आत बसली. दार ओढलं, पुन्हा उघडलं आणि खाली उतरली. माडीच्या खिडकीकडं बघून तिनं सगळ्या गाण्यांच्या वरताण हाक मारली,

"आक्का!"

बायका गायच्या थांबल्या.

"ओ," वरून आवाज आला.

सांगायचं असं काहीच नव्हतं. त्रिशलानं पुन्हा हाक मारली. पुन्हा वरून ओ आली.

गोमटेशनं गाडी बंद केली आणि थांबला.