रेघोट्या

ईस्टरआधीच्या उपवासात बेनेडिक्टिन मठातल्या सिस्टर कुणालाच भेटत नाहीत, हे ठाऊक असूनही एर्सिलिया बसनं येऊन दारात उभी राहिली. तिची लेक याच मठात सिस्टर होती. दारावरची म्हातारी सिस्टर वैतागली. “बाई, लेक ईस्टरनंतरच भेटेल!” “लेकीला कोण भेटतंय? मी चित्र बघायला आलेय.” सिस्टरनं तिला मठाच्या चर्चमध्ये नेलं. तिथल्या भिंतीवर सातशे वर्षांपूर्वीची मरिया होती. बाळाच्या डोक्यावरचा तिचा हात ओलीनं झडून गेला होता. एर्सिलियाच्या लेकीनं तो हिवाळाभर खपून भरून काढला होता, बारीक उभ्या रेषांनी, म्हणजे जुनं कुठलं नि नवं कुठलं ते लपू नये. एर्सिलियानं चष्मा चढवला नि भिंतीला नाक लावलं. “अहो, इतक्या जवळून नुसत्या रेघोट्या दिसतील,” सिस्टर हसली. “मागे सरा, हात दिसेल.” एर्सिलिया हलली नाही. “लेकीला भेटीतही मठाच्या गजांआडून, लांबूनच बघते मी. तिच्या रेघोट्या तरी जवळून बघू द्या.”