कॉमिक्सचा तास

"तेवढा रुमाल काढून टाक," सिद्रामप्पा सर म्हणाले.

सरांच्या क्लाससाठी काढलेलं कॉमिक्सचं ते पान व्यंकटीनं पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं. अख्ख्या कॉमिक्सचा जीव त्या रुमालात होता. रक्त म्हणजे एस्टी. भीमा कंडक्टर ऑक्सिजनला तिकीट फाडून हिमोग्लोबिनच्या सीटवर बसवतोय. तेवढ्यात धुरातून आलेला कार्बन मोनॉक्साईड खिडकीतून रुमाल टाकतो, सीट धरतो आणि मग काही केल्या उठत नाही. ऑक्सिजन बिचारा उभ्यानं. लातूरच्या स्टँडवर हा प्रकार ज्यानं पाहिला नाही, तो माणूस जिल्ह्यात अजून जन्मायचाय.

"सर, लेकरं ह्याच पानावर हसतील की."

"हसतील, मान्य हाय. पण रुमाल सिलॅबसमधी न्हाई. तिथं चार ऑप्शनवाला प्रश्न टाक."

सिद्रामप्पा सर म्हणजे लातुरातल्या एका मोठ्या क्लासचे मालक. चौकाचौकात त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांची रांग. यंदा त्यांना कॉमिक्सचा साक्षात्कार झाला होता. कुठल्याशा परिषदेत ऐकलं, की परदेशात पोरं चित्रांतून शिकतात. झालं! कॉमिक्सचं नशीबच फळफळलं म्हणा ना. कधीकाळी स्टँडवर भाड्यानं मिळायची ती कोपरे दुमडलेली पुस्तकं. आता त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणायचं, काचेच्या कपाटात ठेवायचं आणि त्यांच्यावर भाषणं ठोकायची. वाचायचं तेवढं राहून जातं, पण ते काय, पुढंमागं होईल.

याच सरांनी तीस वर्षांपूर्वी, शाळेत मास्तर असताना, व्यंकटीला पकडलं होतं. लोह्याहून शिकायला आलेलं पोर, भूमितीच्या पुस्तकात कॉमिक्स लपवून वाचत होतं. "अभ्यासाच्या तासाला कॉमिक्स वाचतूस? लाज न्हाई वाटत?" दोन्ही तळहातांवर छड्या आणि कॉमिक्सचे चार तुकडे. व्यंकटी त्या दिवशी ढसाढसा रडला. छड्यांचं काही नव्हतं, शेवटचं पान वाचायचं राहिलं होतं. पुढं तो डॉक्टर झाला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता चित्रं काढत राहिला. मनाशी एकच गाठ मारून ठेवली होती त्यानं. आपलं पुस्तक एखाद्या पोरानं लपवून वाचलं, की आपण पास.

त्या एका आशेवर त्यानं रुमाल काढला. मग सरांनी भीमाच्या मिशा काढल्या. पालकांना गुंड वाटेल म्हणे. मग मारामारी गेली. चित्रं बारकी झाली, मजकूर वाढला. भीमाच्या तोंडच्या फुग्यात एवढ्या व्याख्या कोंबल्या, की भीमाचं तोंडच दिसेना.

"आता कसं मुद्देसूद झालं!" सर म्हणाले.

एकदाचं गंगेत घोडं न्हालं, पुस्तक छापून आलं. सरांनी लगेच हुकूम काढला. रोज चार ते पाच कॉमिक्सचा तास, सर्वांना सक्तीचा. दर सोमवारी त्यावर टेस्ट. करमणुकीतसुद्धा आपली पोरं मागं पडता कामा नयेत.

शनिवारी ते व्यंकटीला मोठ्या हौसेनं वर्ग दाखवायला घेऊन गेले. दोनशे पोरं, दोनशे उघडी कॉमिक्स, आणि एकाच्याही तोंडावरची माशी हलत नव्हती. मयताला आलेले पाहुणे बसावेत, तशी बसली होती सगळी. व्यंकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर त्याला एक पोरगी दिसली. किल्लारीची तनुजा. कॉमिक्स उभं धरलेलं, मान आत घातलेली, एक डोळा सरांवर. ती ढब व्यंकटीनं झटक्यात ओळखली. तीस वर्षांपूर्वी तो असाच बसला होता. पोरगी कॉमिक्सच्या आत काहीतरी लपवून वाचत होती. आणि अशी वाचत होती, की पान उलटायलासुद्धा श्वास रोखत होती. आत दुसरं कॉमिक्स असेल. मिशावाल्या हिरोचं, मारामारीचं, खरंखुरं. आपलं नसलं तर नसू दे, पण असू दे रे देवा!

सरांनीही पाहिलं. "काय करायलीस गं तिथं?" म्हणत ते तरातरा गेले आणि पुस्तक हिसकलं. आतून एक पातळ चोपडी खाली पडली. बारीक टायपात गच्च छापलेली, चित्राचं नाव नाही. व्यंकटीचा चेहरा पार उतरला.

सर कडाडले, "कॉमिक्सच्या तासाला अभ्यास करतीस? लाज न्हाई वाटत?"

व्यंकटीचे तळहात आपोआप मिटले.

तनुजा उभी राहिली. "अभ्यास न्हाई, सर. ह्याच कॉमिक्सचं गाईड हाय. स्टँडवर इकायला आलंय."

"आगं, मग कॉमिक्सच वाचायला काय झालंय तुला?"

"परवा टेस्ट हाय ना, सर," ती रडवेली होऊन म्हणाली. "कॉमिक्स वाचत बसायला टाईम कुठं हाय?"