खिळ्यावरची रोटी

"पाय खाली सोडू नका, आपा. चक्कर येईल."

गुल्झिराने पाय खाली सोडले. चक्कर आली. तिने पलंगाचा कठडा धरला आणि चक्कर शेजारच्या कुणाला तरी आलीय असा चेहरा केला.

तरुण डॉक्टर येरमेकने वही उघडली. "यान उतरल्यावर पहिल्यांदा उभ्या राहिलात आणि कोसळलात. बरोबर?"

"कोसळले नाही. बसले. जोरात."

"एकशे बहात्तर दिवस नळीतलं जेवण?"

"तिन्ही त्रिकाळ. बीटाचं सूप, पनीर, परत बीटाचं सूप."

"ताजं?"

"एक सफरचंद. तेसुद्धा वासापुरतं."

"झोप?"

"पिशवीत. पट्टे बांधून."

"पायांवर भार?"

"एक दिवस नाही."

"मांड्या वितळल्यात, कमरेचं हाड पोकळ झालंय. व्यायाम?"

"कसला?"

येरमेकने पेन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं तेवढं सगळं पाळलं. चहा सोडला, डॉक्टर! सहा महिने! कझाक बाईने! आधी त्याचं पदक द्या, मग हाडं मोजा."

"चाळीस दिवस इथेच राहायचं. चाकाची खुर्ची मागवतो."

"मी आज घरी जाणार. चालत. खिळ्याला रोटी टांगलीय."

ही रीत येरमेकला ठाऊक होती. निघताना एक घास चावून ठेवलेली रोटी. प्रवासी परतून ती संपवेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. भाऊ सैन्यात होता तेव्हा त्याच्याही घरी दोन वर्षं टांगलेली होती.

"मी आणून देतो," तो म्हणाला.

"ती मीच काढणार. खुर्चीत बसून खिळ्याला हात पोचत नाही."

"पडलात तर हाड मोडेल!"

"मोडू दे. उभ्याने मोडू दे."

ती उठली. एक पाऊल. दोन. येरमेक पहिली पावलं टाकणाऱ्या मुलामागे धावावं तसा हात पसरून मागे. तिसऱ्या पावलाला तिने कठडा सोडला. हनुवटी वर केली. "बघताय काय? लिहा. रुग्ण चालतोय."

तेवढ्यात दार उघडलं. दोघा मदतनिसांच्या खांद्यांवर हात टाकून, पण स्वतःच्या पायांनी चालत, निळ्या पोशाखातली तिची मुलगी आयसुलू आत आली. परवाच अंतराळातून माळावर उतरलेली. तिच्या हातात, निघताना तिनेच चावलेली, ती रोटी होती.

"आई, 'लेक वर जे खाईल तेच मी खाईन, ती जशी राहील तशीच मी राहीन' म्हणत घरात सहा महिने आडवी पडलीस? अगं, वर रोज दोन तास धावावं लागतं!"

गुल्झिराने मुलीकडे पाहिलं, मग रोटीकडे. "हे तू फोनवर सांगितलं नाहीस," ती म्हणाली. "जा, परत टांगून ये. मी चालत येतेय."