पालथे आरसे

आरसे सकाळपासून पालथे होते, तरी पडद्यावरचा आकडा शून्यावर यायला तयार नव्हता.

विनीतने पडद्याला टिचकी मारली. आकडा ढिम्म. मानपाड्याच्या त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात, गच्चीखालच्या छोट्या केबिनमध्ये बसून उपयुक्त उष्णतेचा हिशेब करणं हे त्याचं काम होतं. हिशेब तसा सोपा. गच्चीवर पन्हळीसारखे वाकवलेले आरसे ऊन गोळा करून एका काळ्या नळीवर टाकतात. त्यातली थोडी उष्णता आरशातच मुरते, थोडी वाऱ्यावर जाते. उरलेली नळीतलं तेल खाली घेऊन येतं, तीच काय ती कामाची. तेल किती वाहिलं आणि वर जाऊन येताना किती तापलं, यांचा गुणाकार केला की ती कळते.

आज खंडेनवमी. पूजेसाठी आरसे उन्हाकडे पाठ करून ठेवलेले. तेल निवावं म्हणून पंप तेवढा चालू होता. म्हणजे तेल जसं वर गेलं तसंच, किंबहुना थोडं निवूनच परत यायला हवं. ते तापून येत होतं. विनीतने येण्याजाण्याचे दोन्ही तापमापक अदलाबदल करून पाहिले. तरी तेच.

तसे आकडे गेला पंधरवडाभर चढतच होते. आरसे बनवणाऱ्यांनीसुद्धा शंभरातले साठच हाती लागतील असं सांगितलं होतं. विनीतला सत्तर मिळाले, मग पंचाहत्तर. मालक राकेशशेठनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, आरशांची दुसरी रांग मागवली आणि ती बसवायला त्यालाच प्रमुख केलं. पहिल्याच नोकरीत एवढं नाव निघाल्यावर आकड्यावर संशय कोण घेणार? खरं तर त्यानेच घ्यायला हवा होता. पण कौतुकाने भल्याभल्यांचे डोळे मिटतात, विनीत तर कालचा पोरगा.

राकेशशेठ नव्या झब्ब्यात दारात येऊन उभे राहिले. "अरे विनीत, आज तरी सोड ना ते डबडं. वर सगळे जमलेत, पोराबाळांसकट."

"शेठ, आरसे उलटे आहेत तरी तेल तापतंय."

"मग देवीच तापवतेय असं समज." शेठ हसले. "आणि तो पंप बंद कर आधी. खंडेनवमीला आमच्याकडे एक पण मशीन चालू ठेवत नाहीत. बाबांच्या वेळेपासूनची रीत आहे."

विनीतच्या घरी ही पूजा नव्हती. आईबाबा कालच दीक्षाभूमीला नागपूरला गेलेले. दुसऱ्यांच्या देवधर्मात आपण नाक खुपसायचं नाही, हे त्याने नोकरीला लागतानाच ठरवून टाकलं होतं. पंप राहू दे चालू, एवढं म्हणणंही त्याला आगाऊपणाचं वाटलं. त्याने बटण दाबलं. पंपाची घरघर थांबली.

आकडा शून्यावर आला.

त्याच्या जिवात जीव आला. चला, मीटरचीच काहीतरी भानगड असणार. शेठच्या मागोमाग तो जिना चढू लागला. जळका, तेलकट वास नाकात शिरला. एमआयडीसीत वासाची चौकशी कोणी करत नाही, आणि आज तर पूजेचा धूपही असणार.

अर्ध्या जिन्यात त्याचे पाय थबकले. शून्य आलं कशाने? उष्णता थांबली म्हणून नव्हे. तेल थांबलं म्हणून. वाहणंच शून्य झालं, मग गुणाकार दुसरा काय येणार? वर जे काही तापवत होतं ते अजूनही तापवतच होतं. त्याची धग उचलून नेणारं तेल मात्र विनीतने आपल्या हाताने थांबवलं होतं.

मग बाकीचंही उलगडत गेलं. आरशांपासून खाली येणाऱ्या जाड नळीच्या सांध्यातून तेल झिरपत असणार. उष्णता टिकावी म्हणून नळीभोवती गुंडाळलेल्या खनिज लोकरीत ते मुरलं असणार आणि वरच्या पत्र्याआड, कोणाला न दिसता, धुमसत राहिलं असणार. पंधरवडाभर ज्या जास्तीच्या उष्णतेवर त्याने पाठ थोपटून घेतली, ती उन्हाची नव्हतीच. कारखान्यातल्या स्फोटाने काचा हादरणं म्हणजे काय, हे डोंबिवलीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शेठना बाजूला सारून तो धावत वर पोचला. नळीच्या पत्र्यावर झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. नळीखालच्या सावलीत पोरं मांडी घालून प्रसादाची वाट बघत होती. कॅन्टीनच्या शकूताई, त्याला रोज एक चपाती जास्त वाढणाऱ्या, पाटावरच्या देवीपुढे वाकून काहीतरी चाचपत होत्या. त्यांच्या डोक्यावरून निळसर धुराची बारीक रेघ वर चढत होती. धुपाचीच असू दे, विनीत मनात म्हणाला, नुसती धुपाचीच असू दे.

"शकूताई, तो धूप विझवा आणि पोरांना घेऊन खाली चला!" तो ओरडला.

शकूताईंनी वळून पाहिलं. त्यांना काही कळेना.

"धूप कुठला रे, बाळा? काडेपेटीच शोधतेय मी कधीची."