अजून दोन आठवडे

निशिगंधाने फिटनेसच्या कागदावर पुन्हा तेच लिहिलं: डावा गुडघा, अजून दोन आठवडे विश्रांती. ही सहावी वेळ. हृषीकेश कधी कागदाकडे, कधी बायकोकडे बघत राहिला.

संघाची फिजिओ घरचीच, म्हणून लोक त्याला नशीबवान म्हणायचे. त्याची गत मात्र आपलेच दात नि आपलेच ओठ अशी झाली होती.

मार्चमधल्या एका सकाळी तो पोलोग्राउंडजवळच्या हॉलमध्ये एकटाच सराव करत होता. सोबत फक्त निशिगंधा. उडी मारली आणि पडला. कसा पडला ते नीट आठवत नव्हतं, गुडघा सणकून दुखत होता एवढंच. बाकीचे आले तेव्हा तो गुडघा धरून बसला होता. बास्केटबॉलवाला गुडघा धरून बसला की कोणी दुसरं काही विचारत नाही.

मग तिने त्याच्या सतराशे साठ तपासण्या करवल्या आणि सगळे रिपोर्ट स्वतःच आणले. सूज कधीच उतरली, तरी सुजेच्या गोळ्या चालूच होत्या. जिना बंद, लिफ्टच घ्यायची. तपासायला बसली की आधी त्याचा हात हातात घेऊन गप्प बसायची. त्याला ते प्रेम वाटायचं.

शनिवारी नव्या मोसमाचा करार होता. वय एकोणतीस. ‘हा टिकत नाही’ असा शिक्का एकदा बसला, की कोणताही संघ दारात उभं करत नाही. मॅनेजर दिवाकरजींनी तर हात जोडले.

“हृषीभिया, मला तर तुलाच खेळवायचंय. लेकिन मॅडमची सही पाहिजे ना.”

शेवटी त्याने बायकोला न सांगता बडा गणपती मंदिराकडच्या एका सेंटरमध्ये गुडघ्याचा एमआरआय काढला. तिथले डॉक्टर फिल्म उजेडात धरून हसले. असा गुडघा विशीतल्या पोरांचाही नसतो, म्हणाले.

आता तर तो पुरताच चक्रावला. हिला आपलं खेळणं खुपतंय का? माहेरी सांगलीला परत जायचंय का? की मॅनेजरनेच हिला फितवलंय? असलं काही मनात आलं याचीच त्याला लाज वाटली, पण विचार काही जाईनात.

संध्याकाळी त्याने रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

“सही कर निशी. नाहीतर सांग, प्रॉब्लेम काय आहे यार?”

“गुडघा एप्रिलमध्येच बरा झाला होता,” ती म्हणाली. “मला माहीत होतं.”

इतके दिवस, इतके कागद, मग हे सगळं कशासाठी? रागवावं की हसावं हेच कळेना. त्याने तेवढंच विचारलं, कशासाठी?

“जे दुखत नाही ते तुम्ही खेळाडू मानत नाही. गुडघा तेवढा मानता.” ती म्हणाली. “मला तुला कोर्टाबाहेर ठेवायचं होतं, दुसरं काही सुचलं नाही. त्या सकाळी मी छाती दाबून तुला शुद्धीवर आणलं. तू गुडघ्यामुळे पडला नाहीस, हृषी. आधी तुझं हृदय थांबलं. तू पडलास त्यानंतर.”